स्वर्णा-सब१ भात: पुराखाली दोन आठवडे तगणाऱ्या वाणाचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, मग कारणं. बदलत्या हवामानासाठी म्हणून जी बियाणं आजवर खरंच शेतापर्यंत पोचली त्यात मला सगळ्यात जास्त पटलेलं प्रॉडक्ट म्हणजे स्वर्णा-सब१ हे भाताचं वाण. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, आणि तो मुद्दा छोटा नाहीये, ज्यांच्या खाचरात पाणी चढतं पण महिनाभर उतरतच नाही त्यांच्यासाठी तर तोच सगळ्यात मोठा मुद्दा आहे, त्यामुळे नुसते स्टार बघून पुढे जाऊ नका.

हा रिव्ह्यू मी लिहितोय तो या वाणाचं रेकॉर्ड वाचून. पैदासकारांचे पेपर, गावागावांत झालेल्या चाचण्या, शेतकऱ्यांनी दुसऱ्या वर्षी काय केलं त्याचे अभ्यास. गेली बरीच वर्षं मी या वाणाच्या मागावर आहे कारण हवामान बदलावर बोलणारे खूप दिसतात पण 'हे घे, हे पेर, याने फरक पडतो' असं म्हणत हातात ठेवता येईल अशी वस्तू फार कमी दिसते.

सुरुवात प्रॉब्लेमपासून करू. भात म्हणजे पाण्यातलंच पीक, त्याला पुराचं काय, असं अनेकांना वाटतं. तसं नाहीये. भाताच्या मुळांना पाणी चालतं, पानं पाण्याच्या वर असली की झालं. पण पूर आला आणि अख्खं रोप शेंड्यासकट पाण्याखाली गेलं की साधं वाण आठवड्याभरात संपतं. आशियात पावसावर अवलंबून असलेली सुमारे २ कोटी हेक्टर सखल भातशेती या धोक्यात येते, आणि पूर काही रोज येत नाही, तो येतो आठ-दहा दिवसांसाठी आणि लावणीनंतर नेमका अशा वेळी की पुन्हा रोपं तयार करायला वेळच नसतो. मग त्या हंगामाचं बियाणं गेलं, घातलेलं खत गेलं, चिखलणीचं डिझेल गेलं, लावणीची मजुरी गेली. शाश्वत शेतीबद्दल बोलताना आपण पाणी वाचवा खत वाचवा म्हणतो पण मेलेल्या पिकावर झालेला सगळा खर्च हा शंभर टक्के वाया गेलेला असतो हे फारसं कुणी मोजत नाही. त्यामुळे माझ्या मते पीक न मरणं हीच शाश्वततेची पहिली पायरी आहे, बाकीचं सगळं नंतर.

आता हे वाण कुठून आलं. ओडिशातल्या एका स्थानिक भातापासून निवडलेलं एफआर१३ए नावाचं जुनं वाण होतं, दोन आठवडे पूर्ण बुडूनही जिवंत राहणारं. फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, इरी, तिच्या जनुकपेढीत आज १ लाख ३० हजारांहून जास्त भाताचे नमुने जपलेले आहेत. १९७०च्या दशकात तिथे हजारो नमुने बुडवून बुडवून तपासले तेव्हा एफआर१३ए आणि असे मोजकेच तगले. म्हणजे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच हातात होतं! मग इतका उशीर का लागला? कारण एफआर१३ए उंच, उतारा कमी, दाणा बाजारात चालेल असा नाही. पैदासकारांनी त्याचा चांगल्या वाणांशी संकर केला, तगणारी वाणं निघाली पण त्यांच्यात पुरात टिकण्याबरोबर एफआर१३एचे नको असलेले गुणही आले. शेतकऱ्यांनी ती घेतली नाहीत. आणि का घ्यावीत? पूर दर वर्षी येत नाही, भात मात्र दर वर्षी विकायचा आणि खायचा असतो. पाच वर्षांतून एखाद्या संकटासाठी उरलेली चार वर्षं कमी उतारा सोसायला कुणी तयार होत नाही, ज्याच्याकडे शेती थोडी आहे तो तर नाहीच नाही.

हे नीट लक्षात घेतलं तर पुढची सगळी गोष्ट कळते. १९९६ मध्ये केनॉन्ग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी दाखवून दिलं की एफआर१३एच्या या ताकदीचा मोठा भाग नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागी आहे, तिला नाव दिलं सब१. मग कॅलिफोर्निया विद्यापीठात पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि मॅकिल यांच्या गटांनी मिळून त्या जागेतलं नेमकं जनुक शोधलं, सब१ए, आणि २००६ मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं. इथून पुढे त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. त्यांनी नवं वाण बनवलंच नाही. शेतकरी आधीच जे वाण डोळे झाकून पेरत होते ते घेतलं, स्वर्णा, आंध्रातल्या मारुतेरूच्या संशोधन केंद्राचं एमटीयू ७०२९, पूर्व भारतात लाखो हेक्टरवर असलेलं, आणि त्यात फक्त तो एक तुकडा घातला.

ते कसं, तर बॅकक्रॉस. पुरात तगणाऱ्या झाडाचा स्वर्णाशी संकर, जी पिल्लं निघतील त्यातली सब१वाली निवडून पुन्हा स्वर्णाशी, पुन्हा निवड, पुन्हा स्वर्णाशी. दर पिढीत परकं रक्त अर्धं होत जातं. जुन्या पद्धतीत हे करायला सहा-सात पिढ्या लागतात, शिवाय दर पिढीला रोपं बुडवून बघायची. इथे डीएनए मार्कर वापरले, म्हणजे रोप लहान असतानाच पानाचा तुकडा घेऊन त्यात सब१ आहे का आणि बाकीचा भाग किती स्वर्णा झालाय हे तपासायचं, त्यामुळे दोन-तीन बॅकक्रॉसमध्ये काम झालं. दर वेळी एक प्रश्न येतो म्हणून इथेच स्पष्ट करतो: हे जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं बियाणं, नाहीये. भाताचं जनुक, भातातच, परागकण उचलून दुसऱ्या फुलावर टाकून केलेला संकर. प्रयोगशाळेचा उपयोग फक्त निवड करायला. आणि हे सरळ वाण आहे, संकरित नाही, त्यामुळे घरचं बियाणं राखून पुढच्या वर्षी पेरता येतं, दर वर्षी विकत घ्यायची सक्ती नाही. ही गोष्ट मी रिव्ह्यूमध्ये ठळक लिहितोय कारण 'क्लायमेट स्मार्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बियाण्यांबाबत असं म्हणता येत नाही.

रोपात नेमकं काय घडतं ते फार सुंदर आहे, थोडं सविस्तर सांगतो. रोप बुडालं की आतला वायू बाहेर जाऊ शकत नाही, इथिलीन नावाचं वायुरूप हार्मोन साठत जातं. साध्या वाणाला तो इशारा म्हणजे 'पळ, वर जा'. मग ते खोड आणि पानं भराभर लांबवतं, हिरवा रंग जातो, साठवलेली साखर आणि स्टार्च सगळं त्या वाढीत जळून जातं. पाणी उतरतं तेव्हा रोप उंच असतं, पिवळं असतं आणि आत काहीच शिल्लक नसतं, ते आडवं पडतं आणि सडतं. सब१ए असलेल्या रोपात त्याच इथिलीनने हे जनुक जागं होतं आणि ते वाढीच्या जिबरेलिन नावाच्या हार्मोनचा आवाज दाबून टाकतं. रोप श्वास रोखून बसल्यासारखं थांबतं. वाढ बंद, हरितद्रव्य शाबूत, साखर शिल्लक. पाणी उतरलं की त्याच शिल्लकीवर नवी पानं काढतं, नवे फुटवे धरतं. बेली-सेरेस यांच्या गटाने २०११ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली की हे जनुक पाणी ओसरल्यानंतर येणाऱ्या कोरडेपणातही मदत करतं, कारण इतके दिवस पाण्याखाली राहिलेलं पान अचानक उन्हात आलं की ते दुष्काळात असल्यासारखंच सुकतं. पुराच्या जनुकाचा दुष्काळात उपयोग, हे वाचलं तेव्हा मी खरंच खूश झालो होतो.

गंमत बघा, निसर्गाने याच प्रश्नाचं बरोब्बर उलटं उत्तरही दिलंय. खोल पाण्यातल्या भातात स्नॉर्केल१ आणि स्नॉर्केल२ नावाची जनुकं आहेत, जपानच्या नागोया विद्यापीठात मोतोयुकी आशिकारी यांच्या गटाने ती २००९ मध्ये दाखवली, तीही इथिलीननेच जागी होतात, तीही त्याच कुळातली, पण ती रोपाला सांगतात वाढ, पाण्याच्या वर डोकं काढ. जिथे पाणी महिनोनमहिने राहतं तिथे ते बरोबर, जिथे दहा दिवसांनी उतरतं तिथे थांबणं बरोबर. म्हणजे 'पूर सहन करणारं वाण' असं एकच काही नसतं, तुमच्या शेतात पाणी कसं येतं आणि किती दिवस राहतं ते आधी सांगा मग वाण निवडा.

बरं, आता शेतातला रिझल्ट. भारतात हे वाण २००९ मध्ये प्रसारित झालं. ओडिशातल्या १२८ गावांत रीतसर चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकतात तसं, काही गावांत निवडक शेतकऱ्यांना बियाण्याची छोटी पाकिटं दिली आणि बाकीच्या गावांशी तुलना केली. दार, द जान्व्ही, एमरिक, सादुले वगैरे मंडळींचा तो अभ्यास २०१३ मध्ये आला. शेत १० दिवस बुडालेलं असेल तर स्वर्णाच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के जास्त उतारा. आणि पूर नाही आला तर? फरक नाही, स्वर्णा जितकं देतं तितकंच. हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. संकटात फायदा देणारी बियाणं बरीच निघाली, पण चांगल्या वर्षी शेतकऱ्याकडून काहीही कापून न घेणारं बियाणं क्वचितच असतं. विम्याला हप्ता असतो, याला नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली आणि ती बियाण्यांच्या रिव्ह्यूत सहसा येत नाही. पूर येणाऱ्या सखल जमिनी कुणाकडे आहेत हे बघितलं तर अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे त्या जास्त प्रमाणात आहेत. चांगली उंचावरची जमीन कुणाला मिळाली आणि बुडणारी कुणाच्या वाट्याला आली हा इतिहास आपल्याला माहीतच आहे. त्यामुळे पुरात तगणाऱ्या वाणाचा फायदा आपोआप त्यांच्याकडे जास्त जातो. नवं तंत्रज्ञान आलं की ते आधी मोठ्या शेतकऱ्याकडे जातं आणि छोटा मागे पडतो असंच आपण बघत आलोय, इथे उलटं होण्याची शक्यता आहे आणि म्हणूनच बियाणं वाटताना सखल भागातल्या वस्त्यांपासून सुरुवात करायला हवी असं माझं अगदी ठाम मत आहे.

नंतर २०१६ मध्ये त्याच लोकांचा पुढचा पेपर आला, तो मी दोनदा वाचला. ज्यांना हे बियाणं मिळालं त्यांनी पुढच्या हंगामात काय बदललं? त्यांनी जास्त क्षेत्रावर भात लावला, खत जास्त घातलं, फोकून पेरण्याऐवजी लावणीकडे वळले, पीककर्ज जास्त वापरलं. का? तर पीक बुडालं तरी सगळं जाणार नाही हा भरवसा. आधी पुराच्या भीतीने हात आखडून शेती चालायची, चांगल्या पावसाच्या वर्षीसुद्धा, कारण जे शेत कधीही बुडू शकतं त्यात पैसा ओतणं शहाणपणाचं नसतं. ही भीती कमी झाली आणि लोकांनी स्वतःहून चांगली शेती करायला घेतली. उतारा वाढवायचा तर फक्त दाणा जास्त देणारं वाण काढा असं नाही, धोका कमी करा, उतारा शेतकरी स्वतः वाढवतो. जास्त उतारा आणि हवामानाशी टक्कर ही दोन वेगळी कामं आहेत असं मी पूर्वी समजायचो, या एका वाणाने ती एकत्र दाखवली.

आता तक्रारी, म्हणजे तो कापलेला अर्धा स्टार.

पहिली आणि मोठी: साचलेलं पाणी. गुडघाभर किंवा मांडीभर पाणी महिना-दोन महिने तसंच राहतं अशा शेतासाठी हे वाण नाहीच. स्वर्णा मुळात बुटकं, त्यात सब१ त्याला पाण्यात लांबू देत नाही, मग अर्धवट बुडालेल्या अवस्थेत ते ना थांबतं ना वर येतं, फुटवे कमी होतात आणि उतारा पडतो. दुकानातून बियाणं देताना हे स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे. 'पुराचं वाण आहे, घेऊन जा' एवढंच सांगून चुकीच्या शेतात गेलं की वाण बदनाम होतं आणि तो माणूस पुढच्या चांगल्या वाणालाही हात लावत नाही.

दुसरी: हे संरक्षण वाढीच्या काळातलं आहे. पेरलेलं बी उगवायच्या आधीच पाणी भरलं तर सब१ काही करू शकत नाही. पाण्याखाली उगवण्याची क्षमता हा वेगळाच गुण आहे, म्यानमारच्या खाओ ह्लान ओन नावाच्या भातातून त्याचं जनुक २०१५ मध्ये सापडलंय. लावणीला मजूर मिळत नाहीत म्हणून थेट पेरणी वाढत चाललीये, त्यांना हाच गुण आधी लागणार. तसंच भात फुलोऱ्यात असताना पूर आला तर त्यालाही इलाज नाही. आणि पाणी गढूळ असेल, गरम असेल तर तगण्याचे दिवस कमी होतात, कारण गाळातून उजेड पोचत नाही आणि उष्ण पाण्यात शिल्लक लवकर संपते. 'दोन आठवडे' हा आकडा तुलनेने स्वच्छ आणि थंड पाण्याचा समजा.

तिसरी तक्रार खरं तर स्वर्णाची, सब१ची नाही. साधारण १४०-१४५ दिवसांचं वाण, म्हणजे लांब हंगामाचं, बुडून वर आलं की पक्व व्हायला आणखी उशीर. मागून हरभरा-मसूर घ्यायची असेल तर अडचण. शिवाय कडा करपा या रोगाला स्वर्णा बळी पडतं आणि स्वर्णाचे गुण जसे आले तसे दोषही आले. फक्त एकच गोष्ट बदलायची म्हटलं की असं होणार, ते मान्य करूनच घ्यायचं. ज्यांना लांब हंगाम नकोय त्यांच्यासाठी बांगलादेशात बिना धान ११ आहे, इंडोनेशियाच्या चिहेरांग वाणात सब१ घालून केलेलं, बरंच लवकर येणारं. खरं तर सब१चं अख्खं कुटुंबच आता तयार आहे: सांबा महसुरी-सब१, आयआर६४-सब१, बांगलादेशात २०१० मध्ये आलेलं ब्री धान ५२ जे बीआर११ वर बेतलेलं आहे. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या सीआर धान ८०१ आणि ८०२ मध्ये तर पूर आणि दुष्काळ दोन्ही सहन करायची क्षमता एकत्र आणलीये, माझ्या मते पुढची दिशा तीच आहे कारण एकाच हंगामात जुलैत पूर आणि सप्टेंबरात ओढ हे आता नवल राहिलेलं नाही.

तुलनेसाठी इतर प्रॉडक्ट थोडक्यात. दुष्काळासाठी सहभागी धान चांगलं आहे, २०१०च्या सुमाराला आलं, साधारण १०५ दिवसांत तयार, उथळ आणि माळाच्या जमिनीला योग्य. मक्यात सिमिट आणि आयआयटीए या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थांनी २००७ ते २०१५ या काळात आफ्रिकेतल्या १३ देशांत दुष्काळात टिकणाऱ्या मक्याचा मोठा कार्यक्रम राबवला, दीडशेहून जास्त वाणं बाहेर काढली, काम फार मोलाचं. पण दुष्काळ हा एका जनुकाचा खेळ नाही, अनेक छोट्या छोट्या गुणांची बेरीज आहे, त्यामुळे सब१सारखा डोळ्यांना दिसणारा चमत्कार तिथे अपेक्षित ठेवू नका.

शाश्वततेच्या बाजूने मला सगळ्यात उत्सुकता आहे ती चीनच्या युन्नान विद्यापीठाच्या बहुवर्षायू भाताची, पीआर२३. आफ्रिकेतल्या एका जंगली बहुवर्षायू भाताशी संकर करून फेंगयी हू यांच्या गटाने तो तयार केला, २०१८ मध्ये शेतकऱ्यांना दिला. एकदा लावला की चार वर्षांत आठ पिकं, हेक्टरी सरासरी ६.८ टन, म्हणजे दर वेळी लावायच्या भाताच्या तोडीस तोड, आणि दुसऱ्या पिकापासून पुढे मजुरी निम्म्याहून कमी. नांगरट नाही म्हणून मातीतला कार्बनही वाढतो. उंच डोंगराळ थंडीत तो टिकत नाही आणि चार वर्षांनंतर उतारा घसरतो म्हणून पुन्हा लावावा लागतो, तरी पण वाह!

एक गोष्ट मात्र सगळ्याच वाणांना लागू होते आणि तिची मला मनापासून काळजी वाटते. वेळ. तापमान १ अंशाने वाढलं की जगभरात मक्याचा उतारा सरासरी ७.४ टक्के, गव्हाचा ६ टक्के, भाताचा ३.२ टक्के घटतो असं २०१७च्या एका मोठ्या अभ्यासात निघालं. इरीच्या स्वतःच्या शेतावर तर रात्रीचं तापमान १ अंशाने वाढल्यावर भाताचा उतारा १० टक्क्यांनी कमी झालेला २००४ मध्येच नोंदवलाय. आणि नवं वाण संकरापासून शेतकऱ्याच्या शेतात रुळेपर्यंत १० ते ३० वर्षं लागतात. म्हणजे ज्या हवामानात निवडलं त्याच्यापेक्षा गरम हवामानात ते पिकणार, हे आधीच ठरलेलं. सब१चंच बघा: गुण १९७०च्या दशकात सापडला, जागा १९९६, जनुक २००६, बियाणं २००९. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात ली हिकी यांच्या गटाने २२ तास उजेड देऊन गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्या घेऊन दाखवल्यात, त्यामुळे संकरानंतरच्या पिढ्यांचा वेळ तरी वाचू शकतो. मात्र खरी अडकलेली जागा पुढे आहे, बीजोत्पादन आणि वाटप. कितीतरी भागांत अजून दहा-वीस वर्षं जुनी वाणं पेरली जातात, नवं चांगलं नाही म्हणून नव्हे, ते गावात पोचतच नाही म्हणून. बियाणे कंपन्यांना सरळ वाणात नफा कमी, शेतकरी एकदा घेतो आणि पुढे घरचं राखतो, मग ते काम सरकारी बीजोत्पादनावर येतं आणि तिथे ज्या जुन्या वाणाला मागणी आहे त्याचंच बियाणं वर्षानुवर्षं निघत राहतं. इथे जोर लावला नाही तर जनुकपेढीतले १ लाख ३० हजार नमुने असून उपयोग काय.

घ्यायचं ठरवलंत तर काही कामाच्या गोष्टी. ओळख: स्वर्णाचं तूस सोनेरी असतं, स्वर्णा-सब१चं फिकट गवती रंगाचं. हा एकच बाहेरून दिसणारा फरक, काही ठिकाणी व्यापारी रंग बघून कुरकुरतात पण आतला दाणा तोच आहे, तांदूळ काढल्यावर फरक राहत नाही. उलट या रंगामुळे भेसळ पकडता येते. पहिल्यांदा प्रमाणित टॅगवालंच घ्या, नंतर घरचं राखा आणि तीन-चार वर्षांनी बियाणं बदला. रोपं कोवळी लावू नका, महिनाभराची दणकट रोपं बुडाल्यावर जास्त टिकतात, रोपवाटिकेत स्फुरद नीट द्या. पुराचा अंदाज असेल तर आधी युरिया टाकू नका, मऊ लुसलुशीत रोप पाण्याखाली लवकर मरतं. आणि पाणी उतरलं की शेत बघून घाबरून नांगर घालू नका, पानं चिखलाने माखलेली आणि वाळकी दिसतील, आठवडाभर थांबा, मधला पोंगा हिरवा निघाला की मग नत्राचा हप्ता द्या.